गोळीचा नमस्कार

सिवने काडतुसांची डबी काउंटरवर ठेवली. "हे घे. सगळ्यांना हेच चालतं."

"माझ्या बंदुकीला नाही चालत."

"राग्ना, माप तेच आहे. डबीवर छापलंय, वाच की."

"माप तेच आहे गं बाई. घसा वेगळा आहे."

सिव माझ्याकडे बघतच राहिली. माझा घसा धरलाय आणि मी औषधाच्या गोळ्या मागायला आलेय, असंच तिला वाटलं असणार. तिचा बाप हे दुकान चालवायचा तेव्हा असलं काही समजावून सांगावं लागत नसे. आता दुकानभर रंगीत जाकिटं टांगलेली, आणि बंदुकीचं काही विचारलं की ही कॉम्प्युटरकडे बघते.

"भरलेली काडतुसं नकोच आहेत मला," मी म्हटलं. "नुसत्या गोळ्या दे. त्या लांब, बोथट डोक्याच्या. एम्ब्रेट न्यायचा त्या."

"त्या बनायच्या बंद झाल्या."

"कधी?"

"मला काय माहीत? मागवल्या तर येत नाहीत. या घेऊन जा, वजन तेवढंच आहे. फक्त टोकदार आहेत."

घेतल्या. न घेऊन सांगते कुणाला?

आमची बंदूक म्हणजे जुनी क्राग, माझ्या नवऱ्याच्या, एम्ब्रेटच्या, आजोबांची. काडतूस नळीत जिथे बसतं, तिथून पुढे गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे सुरू होईपर्यंत मधे थोडी गुळगुळीत मोकळी जागा असते. तिला घसा म्हणायचं. नव्या बंदुकांचा घसा आखूड. क्राग घडवली त्या काळात गोळ्याच लांबलचक असत, म्हणून तिचा घसाही लांब ठेवला. आता त्यात दुकानातलं काडतूस घातलं, तर गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीतून सुटते आणि आट्यांना भिडेपर्यंत मोकळ्यातून धावते. धावता धावता तिरकी होते. मग एक गोळी इकडे आणि एक पार तिकडे, आणि लोक म्हणतात म्हातारीचा हात कापतो.

म्हणून एम्ब्रेट काडतुसं घरीच भरायचा. कपडे धुवायच्या खोलीत, मशीनशेजारच्या बाकावर. जुनी पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, आणि शेवटी प्रेसचा दांडा ओढून गोळी तोंडात बसवायची. गोळी किती आत आणि किती बाहेर, सगळी मेख त्यातच. "गोळीने आट्यांना नमस्कार करायचा," तो म्हणायचा. "मिठी मारायची नाही आणि तोंडही फिरवायचं नाही. लांबून नमस्कार." आमच्या खोऱ्यातली माणसंही तसलीच, त्यामुळे ते मला पटायचं.

सुतारकाम करून त्याची बोटं जाड झाली होती, आणि पुढे डोळ्यांत मोतीबिंदू आला. मग असं ठरलं की काडतुसं त्याने भरायची आणि बंदूक मी चालवायची. दरवर्षीची नेमबाजीची परीक्षा मी द्यायची, शिकारीच्या ठाण्यावर आम्ही दोघं बसायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर भांडायला नवीन काहीतरी मिळालं म्हणून आम्ही खूश होतो. फेब्रुवारीत अंगणातला बर्फ काढता काढता तो दम खायला पायरीवर बसला आणि उठलाच नाही. फावडं हातातच होतं. अजून मी ते त्या जागेवरून हलवलेलं नाही.

त्याच्या शिकारीच्या कोटाच्या खिशात एक काडतूस निघालं. त्याने भरलेलं शेवटचं. मी प्रेस लावला, सिवकडच्या गोळ्या काढल्या, आणि ते काडतूस मापाला समोर ठेवलं. टोकापासून बुडापर्यंत जितकं ते लांब, तितकंच प्रत्येक नवं काडतूस केलं. केसाचाही फरक राहू दिला नाही. दारूही त्याचीच, तेवढीच. मनात म्हटलं, बघ एम्ब्रेट, जमलं की नाही? उगाच एवढा तोरा मिरवायचास.

रेतीच्या खाणीमागे आमचं नेमबाजीचं मैदान आहे. परीक्षेच्या दिवशी तिथे तपकिरी चीज घातलेले वॅफल मिळतात, त्यामुळे ज्यांच्याकडे बंदूक नाही तेही येतात. हाल्स्टाइन दुर्बीण लावून बसला होता. तो आमच्या शिकारमंडळाचा प्रमुख. माझ्यासोबत शाळेत होता, तेव्हाही वर्गाचा मॉनिटर तोच. आणि तेव्हाही मला आवडायचा नाही.

पाच गोळ्या झाडायच्या. पाचही वर्तुळात पडल्या पाहिजेत. एक जरी बाहेर पडली तरी नापास.

मी झाडल्या. हाल्स्टाइनने दुर्बीण खाली केली, पुन्हा वर केली.

"दोन बाहेर," तो म्हणाला.

"नीट बघ."

"नीट बघून त्या आत येणार आहेत का? राग्ना, ती बंदूक आता भिंतीला टांग. छान शोभेल."

"तुलाच टांगते."

सगळे हसले. हाल्स्टाइनचा जावईही हसला, पण हळूच. हा प्रेबेन, ऑस्लोचा. अंगावरचे कपडे इतके नवे की चालला की करकर वाजायचे. पोरगा वाईट नाही हो. माझ्याजवळ येऊन विचारतो, "ही खरोखरची क्राग आहे? मी फोटो काढू का?" मी म्हटलं काढ बाबा, तिचाच काढ, माझा नको.

मी बंदूक खोळीत घालत होते, तेवढ्यात हाल्स्टाइन जवळ आला. आवाज खाली आणून बोलायला लागला की समजावं, काहीतरी काढून घेणार.

"हे बघ, गुरुवारी शेवटची परीक्षा आहे. जमलं तर जमलं. पण तुमचं काळ्या दलदलीचं ठाणं रिकामं ठेवून चालत नाही. एल्क तिथूनच ओढा ओलांडतात. नाहीतर मग प्रेबेनला बसवतो."

"आणि मी?"

"तू झोपडीत थांब ना. शेगडी आहे, उबेत बसशील. आमचं सूप, कॉफी बघशील. या वयात दलदलीत कुडकुडायची काय हौस आहे का?"

या वयात! माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहे मेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वॅफलही न घेता मी गाडीत जाऊन बसले.

एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण, पण मला ते मारायचं नव्हतं. हे कुणाला सांगितलं तर हसतील. गेल्या सात-आठ वर्षांत आमच्या ठाण्यावरून एकच एल्क पडला असेल. मला हवी होती ती वॉकीटॉकी. शिकारीच्या आठवड्यात रोज सकाळी सगळे आपापल्या ठाण्यावर पोहोचले की हाल्स्टाइन एकेकाचं नाव घेतो. नाव घेतलं की म्हणायचं, "आहे." बस, एवढंच. मग पुढचं नाव. संध्याकाळी खाली उतरायच्या वेळी पुन्हा तेच. एक जरी बोलला नाही, तरी तो बोलेपर्यंत कुणी जागचं हलत नाही.

फेब्रुवारीपासून मला कुणी विचारलेलं नाही, राग्ना, तू कुठे आहेस म्हणून. बहीण त्रोंडहाइमला असते, नाताळात फोन करते. पोस्टाची गाडी फाटकाशी पत्रपेटीत पत्रं टाकून निघून जाते. लोक वाईट नाहीत. एम्ब्रेट गेला तेव्हा सगळे आले होते, केक घेऊन आले होते. पण आमच्याकडे कुणी उगाच दार वाजवत नाही. काम असलं तर येतात, आणि माझ्याकडे कुणाचं काय काम असणार? कधी कधी मी रेडिओवरच्या बाईला उत्तर देते. मला एकटं वाटतं. फार एकटं वाटतं. आणि झोपडीत कॉफी उकळणाऱ्या बाईचं नाव वॉकीटॉकीवर कुणी घेत नाही.

घरी आले तेव्हा बाहेर अजून चांगला उजेड होता. सरळ बाकाजवळ गेले आणि एम्ब्रेटच्या स्टुलावर ओरडले. "माप तुझंच घेतलं ना रे? मग? आता काय बोलशील?"

स्टूल कसलं बोलणार.

मग मी त्याचं काडतूस उचललं. भरलेलं काडतूस घरात नळीत घालायचं नाही हा त्याचा नियम, म्हणून मागच्या अंगणात गेले. नळी मातीच्या ढिगाकडे धरली, काडतूस आत सरकवलं आणि नळी मागून बंद करणारा बोल्ट अगदी हळूहळू पुढे ढकलला. शेवटी, बंद होता होता, काहीतरी बोटाला लागलं. अडलं म्हणता येणार नाही. आत कुणीतरी आहे, एवढंच कळलं.

आणि मला त्याचा आवाज आठवला. फार वर्षांपूर्वी, पहिल्यांदा त्या बोथट गोळ्यांचं माप बसवलं तेव्हा तो असाच शेजारी उभा होता. त्याच्या जाड बोटांना ते कळेना, म्हणून बोल्ट मी सरकवत होते, आणि तो दर वेळी विचारत होता, "केला का नमस्कार?" मी नाही म्हटलं की प्रेसचा स्क्रू थोडासा फिरवायचा. "आता केला?" एकदा माप जमल्यावर त्याने तो स्क्रू पुन्हा कधी हलवलाच नाही, त्यामुळे तो सगळा खटाटोप मी विसरून गेले होते.

त्याचं काडतूस काढून घेतलं आणि माझं घातलं. बोल्ट सरकला आणि बंद झाला. काही नाही. नमस्कार नाही, काही नाही. रिकाम्या घरात शिरल्यासारखं. ते मला रोजच माहीत आहे, पण बोटांना कळलं तेव्हा मी अंगणात उभी राहून चक्क रडले.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. अगं बाई! मी माप टोकाचं घेतलं. टोक आट्यांना लागतच नाही. लागतो तो खांदा, जिथे गोळी पुरती जाड होते तो. बोथट गोळीचा खांदा पुढे असतो. टोकदार गोळीचा मागे, आणि पुढे नुसतं ते नाक. दोघींची लांबी सारखी केली म्हणजे माझ्या गोळीचं नाक एम्ब्रेटच्या गोळीच्या बरोबरीला आलं, पण खांदा राहिला कुठल्या कुठे मागे. वजन तेवढंच म्हणे! सिवलाही फोन करून चार शब्द सुनवावेसे वाटले, पण तिचं काय चुकलं? मूर्खपणा माझाच.

मेणबत्ती लावली. दारू न भरलेल्या, टोपी नसलेल्या एका पुंगळीत गोळी मुद्दाम खूप बाहेर ठेवून बसवली, मेणबत्तीवर काळी केली, नळीत घातली, बाहेर काढली. काजळीवर आट्यांचे लांब ओरखडे आले होते. मिठी झाली ही. थोडी आत दाबली, पुन्हा काळी केली. ओरखडे आखूड झाले. पुन्हा. माझी बोटं, नाक, चहाचा कप, सगळं काळं झालं. शेवटी खांद्यावर चारी बाजूंनी पुसटशी खूण तेवढी राहिली, बोट फिरवलं की जाईल इतकी.

"केला का नमस्कार?" मी मोठ्यांदा विचारलं. आणि मीच म्हटलं, "केला."

आता दुसरी पंचाईत. ही नवी काडतुसं इतकी लांब झाली की क्रागच्या पोटातल्या मॅगझिनमध्ये मावेनात. वरून एकेक हाताने घालायचं, झाडायचं, मग दुसरं. ठीक आहे. मला कुठे युद्धावर जायचंय?

गुरुवारी मैदानावर वारा पडलेला होता. मी पालथी पडले, काडतुसं शेजारी रुमालावर मांडली. पहिलं घातलं, झाडलं. दुसरं घातलं.

"हे काय चाललंय?" हाल्स्टाइन म्हणाला. "एकेक घास भरवतेस होय? ढेकर काढायला विसरू नकोस."

"तुझ्या नातवाला शिकव," मी म्हटलं, आणि तिसरं घातलं. हसू येऊ दिलं नाही, हसलं की नेम हलतो. चौथं घातलं, अर्धा श्वास सोडला. थांबले. बोल्ट बंद होताना प्रत्येक वेळी ते बोटाला लागत होतं, आत कुणीतरी असल्याचं. पाचवं घातलं आणि झाडलं.

हाल्स्टाइन दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि पायीच लक्ष्यापर्यंत गेला. तिथेही वाकून बघितलं. प्रेबेन माझ्याशेजारी उभा होता. त्याने स्वतःच्या फोनमधून मोठं करून बघितलं आणि ओरडला, "पाचही! पाचही आत!" सासरा परत येईपर्यंत तरी त्याने दम धरायला हवा होता.

हाल्स्टाइन आला. लक्ष्याच्या कागदावर सही केली. अभिनंदन वगैरे काही नाही. "शनिवारी सहाला झोपडीशी," तो म्हणाला. "टोपीवरची केशरी पट्टी विसरू नकोस. मागच्या वेळी विसरली होतीस."

"एम्ब्रेट विसरला होता."

त्याने पेन खिशात टाकलं. मी दोन वॅफल खाल्ले.

शनिवारी दलदलीवर धुकं होतं. आमच्या ठाण्यावर एम्ब्रेटने फळ्या ठोकून बाक केलाय, दोघं बसतील एवढा. मी माझ्या बाजूला बसले. दुसऱ्या बाजूला थर्मास ठेवला, मग उचलून खाली ठेवला. त्याचं काडतूस खिशात होतं. ते मी झाडणार नव्हते, ते नुसतं सोबतीला. वॉकीटॉकी खरखरली आणि हाल्स्टाइनने नावं घ्यायला सुरुवात केली. उत्तरेच्या टेकडीवरचा म्हणाला, आहे. पुलाजवळचा म्हणाला, आहे. प्रेबेन कुठल्याशा उतारावर होता, तो इतक्या जोरात म्हणाला की कुत्रं भुंकलं.

"एम्ब्रेट?" हाल्स्टाइन म्हणाला.

सगळ्या डोंगरावर सगळे गप्प. त्याचं काय चुकलं हो, काळ्या दलदलीला तो तीस-चाळीस वर्षं तेच नाव घेत आलाय, जिभेवर बसलेलं. मला राग यायला हवा होता. नाही आला. खरं सांगते, मीही थांबले. तो उत्तर देतोय का, याची मीही वाट बघितली.

मग बटण दाबलं. "राग्ना आहे."

खरखर झाली. "हो," हाल्स्टाइन म्हणाला. घसा साफ केल्याचा आवाज आला. "हो. राग्ना." आणि पुढचं नाव.

दिवसभर काही आलं नाही. दूर कुठेतरी कुत्रं भुंकायचं, कधी थांबायचं. एकदा पुलाकडून बंदुकीचा आवाज आला आणि वॉकीटॉकीवर थोडी गडबड झाली. मी कॉफी प्यायले, भाकरी-चीज खाल्लं, पाय आपटले. धुकं गेलं, ऊन आलं, ऊन गेलं. नळीत माझं स्वतःचं काडतूस होतं, नमस्कार करून बसलेलं. संध्याकाळी ते बाहेर काढलं. गोळीच्या खांद्यावर बारीकशी खूण होती. ते रुमालात गुंडाळून ठेवलं.

मग वॉकीटॉकी वाजली. खाली उतरायची वेळ झाली होती. उत्तरेचा म्हणाला, आहे, उतरतोय. पुलाजवळचा म्हणाला. प्रेबेन म्हणाला.

"राग्ना?"

अंगठा बटणावरच होता. मी दाबला नाही.

"राग्ना?" तो पुन्हा म्हणाला.

कुणी उतरायला निघालं नसणार, मला ठाऊक होतं. सगळे जागच्या जागी थांबून ऐकत होते. पाप लागेल तर लागो. नाव एकदा ऐकलं होतं, मला ते आणखी एकदा ऐकायचं होतं.

"राग्ना! अगं, ऐकू येतंय का?" हाल्स्टाइनचा आवाज बदलला होता. "राग्ना, आहेस ना तू?"

मी बटण दाबलं.

"आहे," मी म्हटलं. "आहे मी."